मदत हवी आहे: सातवीचा सोशिओग्राम गुंतलाय, परवा फाइल जमा करायची आहे

माळवी_मैना
बी.एड. दुसरं वर्ष, इंदूर. इंटर्नशिप चालू आहे आणि प्रॅक्टिकल फाइलमध्ये वर्गाचा सोशिओग्राम, म्हणजे कोणत्या मुलाने कोणाला निवडलं त्याचा बाणांचा नकाशा, लावायचाय. चिठ्ठ्या लिहून घेतल्या, ड्रॉइंग शीटवर नावं मांडली, बाण काढायला घेतले आणि निम्म्यातच सगळ्याचं जाळं झालं. कुठला बाण कुठून निघालाय ते मलाच कळेना. शीट बदलून पाहिली, तेच.

शिवाय एका मुलीकडे एकही बाण जात नाही. सुपरवायझर मॅडम म्हणतात, तिच्यावर ‘एकाकी विद्यार्थिनी’ म्हणून एक पान लिहा, कारणं आणि उपाय. मुलगी चांगली हसतीखेळती आहे हो, काय लिहू? परवा द्यायचंय. लवकर सांगा प्लीज, आणि पुस्तकातली व्याख्या नको, ती आहे माझ्याकडे.

एक्सेलवाला
मुलं किती? प्रत्येकाला किती नावं लिहायला सांगितलीत? प्रश्न काय विचारला होतात? यातलं काहीच न सांगता ‘गुंतलंय’ म्हणणं म्हणजे डॉक्टरला फोनवर नुसतं ‘दुखतंय’ सांगणं.

माळवी_मैना
४२ मुलं. तीन-तीन नावं. प्रश्न नेहमीचाच.

एक्सेलवाला
४२ गुणिले ३, म्हणजे १२६ बाण. हाताने काढलेत तर जाळंच होणार, त्यात तुमचा दोष नाही. आधी तक्ता करा. उभे आडवे दोन्हीकडे तेच ४२ रोल नंबर. आडव्या ओळीत निवडणारा, उभ्या रकान्यात निवडलेला. ज्याने ज्याला निवडलं तिथे १. खाली प्रत्येक रकान्याची बेरीज घेतली की कोणाला किती निवडी मिळाल्या ते समोर. आता हाच तक्ता ट्रान्सपोझ करून, म्हणजे ओळींचे रकाने आणि रकान्यांच्या ओळी करून, मूळ तक्त्यात मिळवा. जिथे २ येईल ती परस्पर निवड. २ किती आले ते मोजा आणि निम्मे करा, कारण प्रत्येक जोडी दोनदा येते. पंधरा मिनिटांचं काम.

दिगंत
एक्सेल कशाला? गेफी उतरवून घ्या, असली जाळी काढायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. तक्ता घाला, त्यातली फोर्सअॅटलास मांडणी चालवा, टोळकी आपोआप वेगवेगळी होतात. ज्याला निवडी जास्त त्याचं वर्तुळ मोठं. मी आमच्या ऑफिसच्या ईमेलचं केलं होतं. मॅनेजर साहेब कोपऱ्यात एकटे पडले होते, तो फोटो अजून ग्रुपवर फिरतोय.

माळवी_मैना
कॉलेजला हातानेच काढलेला लागतो. प्रिंट चिकटवलेली चालत नाही. आणि माझा लॅपटॉप भावाकडे आहे.

दिगंत
मग कॉलेज बदला.

जुना_खडू
दिगंतराव, परवा फाइल आहे तिची.

मैना, बाळ, शीट फेकू नकोस, उलटी कर. पाठीमागे कंपासने एकात एक चार वर्तुळं काढ. सगळ्यात आतल्या वर्तुळात ज्यांना सर्वांत जास्त निवडी आहेत ती मुलं, मग उतरत्या क्रमाने बाहेर. शून्यवाले सगळ्यात बाहेरच्या कड्यात. मधून एक उभी रेघ मार, डावीकडे मुली, उजवीकडे मुलं. मुलीला वर्तुळ, मुलग्याला त्रिकोण, हे चिन्ह सोशिओग्रामवाल्या मोरेनोपासून चालत आलंय. आणि बाण फक्त परस्पर निवडींचे काढ, बाकी तक्त्यात असू देत. याला टार्गेट सोशिओग्राम म्हणतात. मेरी नॉर्थवे नावाच्या बाईंनी १९४० मध्ये मांडला. मी तीस-बत्तीस वर्षं विद्यार्थी-शिक्षकांना हाच काढायला लावला, एकाचंही जाळं झालं नाही.

सर्वज्ञ
मोरेनोचा विषय निघालाच आहे तर. जेकब मोरेनो, जन्म १८८९ बुखारेस्टचा, पुढे व्हिएन्ना, मग न्यूयॉर्क. हडसन गावात मुलींची एक सुधारशाळा होती. १९३२ मध्ये तिथून दोन आठवड्यांत १४ मुली पळाल्या. सगळे म्हणत होते मुलीच बिघडलेल्या. मोरेनो आणि हेलन जेनिंग्ज यांनी कोणाला कोणाबरोबर राहायचंय ते विचारून नकाशे काढले, तर पळालेल्या मुली त्या नकाशात एकमेकींशी जोडलेल्या निघाल्या. पुढच्या वर्षी हे नकाशे न्यूयॉर्कला डॉक्टरांच्या परिषदेत मांडले आणि वर्तमानपत्रात बातमी आली. १९३४ मध्ये पुस्तक. आकर्षणाची रेघ लाल, तिटकाऱ्याची काळी.

माळवी_मैना
धन्यवाद सर, पण मी हे विचारलं नव्हतं.

सर्वज्ञ
व्हायव्हाला विचारतील तेव्हा आठवण काढा.

एक्सेलवाला
बेरीज किती आली? १२६ आली पाहिजे.

माळवी_मैना
१०९.

एक्सेलवाला
मग १७ कुठे गेल्या?

माळवी_मैना
चार मुलं गैरहजर होती. एकाने स्वतःचंच नाव लिहिलं. चार नावं ‘ब’ तुकडीतली निघाली. आर्यन दोन आहेत, ते अक्षरावरून आणि कोण कोणाच्या शेजारी बसतं त्यावरून लावले. एकीने चिठ्ठीवर तीन नावं लिहून तिसरं खोडलं, परत तेच लिहिलं, त्याच्यापुढे कंसात ‘अगर वो भी मेरा लिखे तो’. ते धरलं.

एक्सेलवाला
अहो हे आधी सांगायचं! ३८ जणांनी लिहिलं, ११४, वजा ५, बरोबर १०९. आता निवड-दर्जा, म्हणजे मिळालेल्या निवडी भागिले निवडू शकणारे, काढताना सरसकट ४१ ने भागू नका. हजर मुलाला जास्तीत जास्त ३७ जण निवडू शकत होते, गैरहजराला ३८. आणि एकसंधतेचं, म्हणजे शक्य जोड्यांपैकी परस्पर किती जुळल्या त्याचं, गणित लिहिणार असाल तर पुस्तकात एकूण शक्य जोड्या म्हणून ४२ गुणिले ४१ भागिले २, म्हणजे ८६१ घेतात. प्रत्येकाला तीनच नावं दिलीत तर ८६१ जोड्या होणार कुठून? ३८ गुणिले ३ भागिले २, जास्तीत जास्त ५७. त्याने भागा. नाहीतर मायेने भरलेला वर्गसुद्धा कोरडा दिसेल.

जुना_खडू
परीक्षकाच्या पुस्तकात ८६१ असेल तर तो मार्क कापेल. दोन्ही लिही, खाली एक ओळ टाक की दुसरं का घेतलं.

बाकी एक राहिलंय. प्रश्न ‘नेहमीचाच’ म्हणजे नक्की कोणता?

माळवी_मैना
रंगपंचमीची गेर बघायला कोणाबरोबर जायला आवडेल? मुलं त्या आठवड्यात तेच बोलत होती म्हणून घेतला. सुपरवायझर मॅडमनी ओके केलेला आहे.

ठाणेकर
गेर म्हणजे काय? गरबा का?

पोहेजिलबी
ठाणेकर, रंगाची मिरवणूक असते ती. रंगपंचमीला या एकदा इंदूरला राजवाड्यावर. टँकरमधून रंग, गुलालाच्या तोफा, चौथ्या मजल्यापर्यंत फवारा, आणि चप्पल कुठे गेली त्याचा पत्ता नाही. गरबा म्हणे!

ठाणेकर
आमच्याकडे धुळवड असते, पुरे आहे ती.

जुना_खडू
मैना, त्या गर्दीत सातवीच्या मुली एकट्या जातात का? आमच्या वेळी तर घरच्यांबरोबर, तेही ओळखीच्या कोणाच्या गच्चीवरून. म्हणजे मुलींनी मैत्रीण निवडलीच नाही, गच्ची निवडली. आणि मुलग्यांनी गल्ली निवडली. ती शून्यवाली मुलगी राहते कुठे?

माळवी_मैना
लांबून, गावाबाहेर राऊच्याही पुढून व्हॅनने येते. याच वर्षी शाळेत आली.

जुना_खडू
मग तिला गेरला कोण नेणार? आणि तिच्यावर एकाकीपणाचं पान लिहिणार तू!

सयाजीबाग
वडोदऱ्याहून. मानसशास्त्रात एम.ए. केलंय म्हणून मधे पडते. शून्य निवडी म्हणजे एकाकी, हे इतकं सरळ नसतं. १९८२ मध्ये कोई, डॉज आणि कोपोटेली यांनी मुलांना दोन्ही विचारलं: जास्त आवडणारे कोण, कमी आवडणारे कोण. त्यातून पाच गट निघतात. लोकप्रिय, नाकारलेले, दुर्लक्षित, वादग्रस्त आणि साधारण. दुर्लक्षित मूल कोणाच्याच यादीत नसतं, ना चांगल्या ना वाईट. नाकारलेलं मूल वाईट यादीत भरपूर असतं. दोघांना पहिल्या यादीत शून्यच, पण उपाय पार वेगळे. तुम्ही फक्त एक बाजू विचारलीत, म्हणून ही मुलगी कोणत्यातली ते कळतच नाही.

जुना_खडू
‘कोण आवडत नाही’ हे बारा वर्षांच्या पोरांना लिहायला लावायचं? मधल्या सुट्टीत पहिला प्रश्न हाच, ‘तूने किसका लिखा?’ ज्याचं नाव जास्त, त्याला बाकावरून उठवतील. विद्यापीठात बसून सांगायला बरं असतं.

सयाजीबाग
सर, मी शाळेतच काम करते, विद्यापीठात नाही. आणि मुलांना कोण नकोसं आहे ते आपल्या विचारण्याआधीच माहीत असतं.

जुना_खडू
माहीत असणं वेगळं, मास्तरांनी कागद वाटून लिहून घेणं वेगळं.

सयाजीबाग
मग तिसरा मार्ग आहे. पूर्ण वर्गाची यादी छापून द्या, प्रत्येक नावापुढे १ ते ५. ‘याच्याबरोबर काम करायला कितपत आवडेल?’ कोणाला वाईट म्हणायचं नाही. एकगठ्ठा १ आले की नाकारलेलं, सगळे ३ आले की नजरेत न आलेलं. यादी समोर असल्यामुळे कोणी कोणाला विसरतही नाही.

सर्वज्ञ
बोगार्डस यांचं सामाजिक अंतराचं, म्हणजे कोणाला किती जवळ येऊ देतो त्याचं, माप १९२५ सालचं आहे, तेही बघा.

ठाणेकर
माझ्या मुलाला वर्गात कोणी मित्र नाही, त्याला कराटे लावला. खूप फरक पडला. कराटे लावा.

पोहेजिलबी
४२ जणांना?

माळवी_मैना
प्लीज. उद्या एकच दिवस आहे, ४२ गुणिले ४२ आकडे मी भरणार नाही. उद्या दुसरा प्रश्न विचारू का? काय विचारू?

जुना_खडू
विचार. पण असं विचार की जे खरंच होणार आहे. विज्ञानाचा प्रकल्प आहे ना त्यांना? ‘प्रकल्पाच्या गटात कोण हवं?’ आणि गट त्या चिठ्ठ्यांवरूनच पाड. निवडीला फळ नसेल तर मुलं उगाच काहीबाही लिहितात. मोरेनोचाही हाच आग्रह होता, हे सर्वज्ञांनी सांगायला हवं होतं. फक्त याच वर्गातली नावं, आडनावासकट, चिठ्ठी दुमडून.

माळवी_मैना (दुसऱ्या दिवशी रात्री)
झालं. टार्गेटवाला काढला, सुबक आलाय, खडू सरांचे आभार.

व्हॅनवाल्या मुलीला प्रकल्पासाठी दोन निवडी, त्यातली एक परस्पर. तिला चित्रं छान काढता येतात हे मुलांना माहीत होतं, मला नव्हतं. गेरमध्ये ज्याला ११ होत्या त्याला इथे ३. मुलं त्याच्याबरोबर नाचतील, चार्ट बनवणार नाहीत.

पण आता दुसरंच. एका मुलाला दोन्ही वेळा शून्य. गेरच्या दिवशी तो गैरहजर होता, म्हणून शून्य आलं असेल समजून मी तिकडे पाहिलंच नव्हतं. मॅडमनीही नाही.

एक्सेलवाला
गैरहजर असला तरी बाकीचे त्याला निवडू शकत होतेच. म्हणून तर ३८ म्हणालो.

सयाजीबाग
नवीन आहे का? अबोल? लांबून येतो?

माळवी_मैना
छे. पहिलीपासून याच शाळेत, शाळेच्या मागच्याच गल्लीत घर. मॉनिटर आहे.

जुना_खडू
सर नसताना फळ्यावर नावं कोण लिहितं?

माळवी_मैना
तोच. नावापुढे फुल्या पण मारतो, जास्त बोललं की जास्त फुल्या.

पोहेजिलबी
हा हा हा. आमच्या वर्गातला आता बँकेत मॅनेजर आहे. त्यालाही अजून कोणी गेरला नेत नाही.

सयाजीबाग
हसू नका. दोन वेगवेगळ्या कारणांसाठी शून्य आलंय, तर त्याच्यावर पान लिहा. ‘नाकारलेला’ शब्द मात्र वापरू नका, तेवढा पुरावा नाही तुमच्याकडे. ‘दोन्ही निकषांवर निवड नाही’ एवढंच, आणि मधल्या सुट्टीत तो कुठे असतो ते बघून लिहा.

माळवी_मैना
मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी उभा असतो, वह्या घेऊन. आज मुद्दाम पाहिलं.

जुना_खडू
उपाय म्हणून कराटे लिहू नकोस. मॉनिटर दर आठवड्याला बदलावा असं लिही, आणि वर्गशिक्षकांना तोंडीही सांग. ते काम त्याला मोठ्यांनीच दिलंय.

ठाणेकर
कराट्यात काय वाईट आहे?

बीएड_परीक्षार्थी
ताई माझा पण सेम टॉपिक आहे. पीडीएफ पाठवा ना, व्यनि (खासगी निरोप) केलाय.

माळवी_मैना
नाही पाठवणार. मुलांची खरी नावं आहेत त्यात.

जुना_खडू
फाइलमध्ये खरी नावं?? रोल नंबर घाल.

एक्सेलवाला
रोल नंबरवरूनही ओळखतील, हजेरीपट त्याच शाळेत आहे. नवे क्रमांक द्या, उलटेसुलटे, आणि कोणता कोणाचा तो कागद फाइलला लावू नका.

माळवी_मैना
४२ नावांवर व्हाइटनर. संपत आलाय, दुकानं बंद व्हायच्या आत दुसरा घेऊन येते.