गाण्यांचा परिणाम की जेवणाचा? प्रॅक्टिकलमध्ये बाह्य चल कंट्रोल कसे करायचे

टीवायची_पोर:
टीवायला सायकॉलॉजी आहे. प्रयोग असा की गाणी चालू असताना पाठांतर कमी होतं का. २० सब्जेक्ट, सगळ्या हॉस्टेलच्या मैत्रिणी. सकाळी ज्या दहाजणी आल्या त्यांना शांततेत १५ शब्दांची यादी वाचून दाखवली, उरलेल्या दहा दुपारी जेवून आल्यावर, त्यांना गाणी लावून. गाणीवाल्यांना कमी आठवलं म्हणून मी खूश, तर मॅडमनी जर्नलवर लाल पेनने फक्त 'बाह्य चल?' लिहिलं (म्हणजे गाण्यांशिवाय निकालावर परिणाम करणारं दुसरं काही), सही नाहीच. खोली तीच होती, पंखासुद्धा बंद ठेवलेला, अजून काय कंट्रोल करू??

खडूफळा:
अगं गाण्यांमुळे कमी आठवलं की जेवून डोळे जड झालेले म्हणून, हे कसं सांगणार तू? शिवाय सकाळी आपणहून आल्या त्या लवकर उठणाऱ्याच असणार ना. पंख्याचं सोड, दोन्ही गटांना सारखाच असेल तर चालू राहू दे, घोळ होतो तो एकाच गटाच्या वाट्याला काही आलं की. चिठ्ठ्या टाकून गट पाड आणि दोन्ही गट सकाळीच घे.

निवांत_७७:
चिठ्ठ्या बरोबर, पण दहा-दहात हुशार पोरी एकीकडेच जमू शकतात. त्यापेक्षा त्याच वीसजणींना दोन्ही प्रकारे बसव. दहाजणींना आधी शांतता मग गाणी, बाकीच्यांना उलट, म्हणजे सराव नि कंटाळा दोन्हीकडे सारखा वाटला जातो. याद्या मात्र दोन लागतील, सारख्याच अवघड, आणि त्यासुद्धा आलटून पालटून.

जुना_विद्यार्थी:
यादी तू स्वतः वाचलीस ना? तिथेच गोची. बर्लिनचा हान्स घोडा आठवतोय का, टाप आपटून गणितं सोडवायचा तो. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोडाही चुकतो. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं नकळत किंचित हलायचं, घोडा ते बघून थांबायचा, मालक फसवत नव्हता बरं का. तुलाही निकाल काय यावा ते माहीत होतं, गाणीवाल्यांना भरभर वाचलं असशील, कळणारही नाही. मोबाइलवर एकदा रेकॉर्ड कर आणि सगळ्यांना तेच ऐकव.

टीवायची_पोर:
रेकॉर्ड करते. पण एक लोचा आहे, जुनी यादी आता अख्ख्या मेसमध्ये पाठ झालीये, ताट घेऊन रांगेत उभं राहून एकमेकींना विचारत होत्या 😭

खडूफळा:
मग नव्या याद्या कर, आणि यावेळी सगळ्यांचं होईपर्यंत कुणी बोलायचं नाही असं आधीच बजावून ठेव.