मदत हवी आहे: नातू बालगृहात आहे, आजीकडे कसा आणायचा?

नमस्कार मंडळी, इंदूरमधे कुणी वकील असेल किंवा बाल कल्याण समितीच्या (निराधार, हरवलेल्या मुलांना कुठे ठेवायचं ते ठरवणारी जिल्ह्याची समिती) कामाची माहिती असेल तर प्लीज सांगा. इकडे लोकमान्य नगरात आमच्याकडे पोळ्या करायला मावशी येतात, त्यांचा नातू आठ वर्षांचा, आई नाही, बाप दारूत, पोरगं घरातून निघून गेलं आणि दुसऱ्या जिल्ह्यात स्टेशनवर सापडलं, तिथल्या समितीने बालगृहात ठेवलं. इथवर ठीकच, पोरगं सुखरूप राहिलं. पण आता मावशी न्यायला गेल्या की दरवेळी नवा कागद मागतात, वर म्हणतात गृहभेटीचा रिपोर्ट नाही, आणि तो करायला इथे कुणी फिरकतच नाही!

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात सामाजिक तपासणी (म्हणजे घरची चौकशी, ही गृहभेट त्यातलीच) १५ दिवसांत अन् अंतिम आदेश ४ महिन्यांत असं आहे, संस्था हा शेवटचा उपाय हेही त्यातच लिहिलंय. मग सख्खी आजी दारात उभी असताना हे काय चाललंय? एका खोलीत राहते म्हणून?

केस इंदूरच्या समितीकडे ट्रान्सफर करायला अर्ज कुठे द्यायचा, तिथे की इथे? अपिलाला ३० दिवस असतात म्हणे, पण लेखी आदेशच हातात दिला नाही तर दिवस कधीपासून मोजायचे? मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत मुलाच्या सांभाळासाठी देतात ते महिना ४००० रुपये आजीला मिळतात का? विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना फुकट वकील मिळतो ते माहितीये, पण हेच काम केलेला कुणी असेल तर नाव सुचवा, फी आम्ही शेजारी मिळून देऊ.