तीन वर्षांच्या वछेरीच्या हॉकवर फुगवटा, पण लंगडत नाही

प्रश्न (साताऱ्याहून):
माझी थरोब्रेड वछेरी तीन वर्षांची आहे. जंपिंगसाठी दीड महिन्यापूर्वी घेतली. अजून पाठीवर कुणी बसलेलं नाही, रोज वीस मिनिटं लाँजिंग, म्हणजे लांब दोरीवर गोलात फिरवणं, एवढंच. परवा खरारा करताना उजव्या हॉकच्या (मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या) पुढच्या-आतल्या बाजूला माझा हात थबकला. लिंबाएवढा मऊ फुगवटा. गरम नाही, दाबलं तरी पाय ओढून घेत नाही, दुडकीत लंगडत नाही. घेताना दात पाहिले, खूर पाहिले, हॉकवर मात्र हात फिरवायचा राहिला. आमचे मोतद्दार काका म्हणतात, "मोतरा आहे, सांध्यात पाणी साठलंय, तापल्या लोखंडाचा डाग द्या, बसेल." मला तिला डागायचं नाही. काय करू?

उत्तर १:
डागू अजिबात नका, ताई. कातडी भाजते, सांध्यातलं पाणी तिथंच राहतं. हॉकच्या टोकावर सूज असती तर म्हटलं असतं, भिंतीला लाथा मारते किंवा बिछाना कमी पडतोय. त्यानं चाल सहसा बिघडत नाही. तुम्ही सांगता ती जागा मुख्य सांध्याची. पुढचा फुगवटा अंगठ्यानं दाबा आणि दुसरा हात बाहेरच्या बाजूला मागे ठेवून बघा, पाणी सांध्यातलं असेल तर तिथं फुगेल.

प्रश्नकर्ती:
आत्ताच करून आले. पुढून दाबलं की बाहेरून, मागच्या जाड शिरेच्या पुढे, बोटाखाली टच्च फुगतं. डाव्या पायालाही किंचित आहे.

उत्तर २:
मग एक्स-रे काढाच, आणि दोन्ही हॉकचे. या वयात दोन्हीकडे पाणी दिसलं की आधी ओसीडीची शंका घ्यावी. त्यात वाढत्या हाडावरची कूर्चा नीट पक्की होत नाही आणि तुकडा सुटतो, हॉकमध्ये बहुतेकदा टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) खालच्या टोकाशी. माझ्या घोड्याचा असाच तुकडा दुर्बिणीतून काढला. फुगवटा थोडा राहिला, पण आज तो मीटरभर उडी बिनघोर मारतो. नुसतं पाणी काढून घेऊ नका. कारण आत तसंच असेल तर पुन्हा भरतं, शिवाय सुईबरोबर जंतू आत जायची भीती. डॉक्टरांना फ्लेक्शन टेस्टही करायला सांगा: पाय मिनिटभर दुमडून धरायचा आणि सोडल्या सोडल्या दुडकीत पळवायचं. सरळ चालीत लपलेलं दुखणं तिथं दिसतं. तोवर लाँजिंग बंद ठेवा, लहान गोलात हॉकवर फार ताण येतो.

प्रश्नकर्ती:
लाँजिंग आजपासून बंद. डॉक्टर गुरुवारी पोर्टेबल मशीन घेऊन येताहेत. काकांना डागण्याचं नाही म्हटलं, ते जरा गप्प झाले. पण पाय दुमडून धरायला तेच उभे राहणार आहेत. ती दुसऱ्या कुणाला मागचा पाय देतच नाही.