चर्चमध्ये "मला झेपत नाही" म्हणायची सोय आहे का?

सातरस्ता_वाला:
आमच्याकडं कुणी "आता होत नाही" म्हटलं की लगेच बायबलातल्या पौलाच्या पत्रातलं फिलिप्पैकरांस 4:13 पुढं येतं, जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून सगळं करू शकतो वगैरे. अहो पण त्याच्या वरचंच वचन वाचा की, पौल तिथं उपाशी असताना आणि भरपूर असताना दोन्हीत समाधानी कसं राहायचं ते सांगतोय, तेही बेड्यांत असताना. त्यात चार कमिट्या सांभाळायचं कुठं आलं? आठवडाभर एमआयडीसीत हिशेब, घरी वडिलांचं आजारपण, रविवारी सकाळी संडेस्कूल मग उपासनेत पेटी मग मे महिन्याच्या उन्हात पत्र्याखाली मीटिंग आणि संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना. संडेस्कूल सोडतो म्हणालो तर एक वडीलधारे म्हणाले, विश्वास कमी पडतोय तुझा.

मला उलटं वाटतं. एलीया संदेष्टा बघा. कर्मेल डोंगरावर बालाच्या पुजाऱ्यांवर एवढा मोठा विजय झाला आणि ईजबेल राणीची धमकी आली तसा पळाला, रानात झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे झालं, आता जीव घे माझा. देवानं लेक्चर दिलं नाही. झोपू दिलं, देवदूतानं उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला, परत खायला दिलं. (भाकरी आणि झोप, एकदम सोलापुरी उपाय.) पुढची वाट तुला झेपायची नाही अशा अर्थाचं तर देवदूतच बोलतो. मग आपण लपवायचं कशाला?

पूर्वभाग_लूम:
सर राग मानू नका पण हे पगारी माणसाचं दुखणं आहे. आमच्यात माग थांबला की पैसे थांबले, नगावर मजुरी. आई घरी बिड्या वळते, पानं भिजवायची, कापायची, संध्याकाळपर्यंत हजार भरायच्या, आणि कारखान्यात नेल्या की वाईट म्हणून मूठभर बाजूला काढतात त्याचे पैसे नाहीत. तिला कुणी म्हणेल का, आई आपली मर्यादा स्वीकार? मर्यादा तिला बोटांनीच सांगितलीय कवाच. प्रार्थनेला ती पण बसते, पण सूप मांडीवरच असतं.

गिरणगाव_आजोबा:
लूमवाल्या भावाला अनुमोदन. विसावा आकाशातून पडत नाही. रविवारची सुट्टी गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी भांडून मिळवली, 10 जून 1890 ला, आणि ते सत्यशोधक होते, रविवार खंडोबाचा वार म्हणून मागितला होता. 1948 च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याला 48 तास आणि एक सुट्टी होती, पण कामगार ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी दाखवले की कायदा दाराबाहेर. त्यावर बोला. येशूचं "माझ्याकडे या, विसावा देईन" ऐकून मालक थोडाच मजुरी वाढवतो.

सातरस्ता_वाला:
आजोबा, लोखंड्यांबद्दल वादच नाही. पण शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा नीट वाचा, त्यात मालकाइतकाच दास, दासी, परका, बैलसुद्धा आहे. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात कारणही दिलंय, तू मिसरात (इजिप्तमध्ये) गुलाम होतास हे विसरू नको. आणि त्या मिसरात काय चाललं होतं? तिथल्या फारो राजानं विटांसाठीचा पेंढा देणं बंद केला पण विटांचा आकडा तोच ठेवला, लोक ओरडले तर म्हणाला, आळशी आहात तुम्ही. लूमवाले भाऊ, ही नगावरची मजुरीच की. तुमच्या आईला कुणी मर्यादा शिकवायला जाऊ नये हे मान्य, फारोला शिकवायची. पण मी ज्याबद्दल लिहिलं तिथं आकडा कुणी मालक लावत नाही, आपण आपल्यावर लावतो आणि वर देवाचं नाव देतो.

जुना_सभासद:
तरुणांना सबबी सापडल्यात, दुसरं काय. ज्याला काम करायचं नाही त्यानं खाऊ नये हे पण पौलानंच लिहिलंय. आमच्या वेळी सायकलवर खेड्यात उपासनेला जायचो, कुणी थकलो म्हणत नव्हतं. "माझे जू सोयीचे" असं प्रभू म्हणतो, पण जू आहेच ना मानेवर? काढून ठेवा असं नाही म्हटलेलं.

नाईट_ड्युटी_सिस्टर:
काका, थकलो म्हणत नव्हतं की म्हणू देत नव्हते? आमच्या वॉर्डात असे कितीतरी येतात, बीपी वाढलेलं, झोप नाही, आणि नातेवाईक म्हणतात प्रार्थना चालू आहे गोळी नको. पौलानं शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे त्याला छळणाऱ्या त्रासासाठी, तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, कृपा पुरे आहे एवढंच उत्तर आलं. त्याला कुणी विश्वास कमी म्हटलं नाही. गोळी घ्या आणि प्रार्थना पण करा.

महिला_मंडळ_सोलापूर:
सगळं वाचलं. छान वाटलं. आता माझा प्रश्न. सातरस्तावाले भाऊ संडेस्कूल सोडणार, तर पोरं कोण घेणार? मला माहितीय कोण घेणार. मार्था-मरीया या बहिणींवर दरवर्षी संदेश ऐकतो, येशू घरी आला तेव्हा मरीया ऐकत बसली आणि मार्था फार दगदग करते म्हणून, पण तिनं चूल बंद केली असती तर शिष्य जेवले असते कुठं? संदेश संपला की भाऊलोक विचारतातच, ताई चहा झाला का. तुम्ही थांबलात की तुमचं काम नाहीसं होत नाही, कुणाच्या तरी पदरात पडतं. बहुतेक वेळा पदरातच.

सातरस्ता_वाला:
ताई ह्याला उत्तर नाही माझ्याकडं पूर्ण. एवढं म्हणेन की इस्राएलांच्या पुढाऱ्याला, मोशेला, त्याच्या सासऱ्यानं हेच सांगितलं, एकटा करशील तर तूही थकशील आणि लोकही, माणसं नेम आणि वाटून दे. सोडायचं नाही, वाटायचं म्हणतोय मी. वर्ग दोन पुरुषांनी घ्यावेत, आलटून पालटून.

महिला_मंडळ_सोलापूर:
मग नावं लिहा. आणि चहाची पण यादी करा, त्यात जुने सभासद काकांचं नाव पहिलं.

जुना_सभासद:
मला साखर चालत नाही.

महिला_मंडळ_सोलापूर:
करायचा आहे काका, प्यायचा नाही.