हाताने वळलेला पॅलेस्टिनी 'झीर': पांढरे ठिपके फुटून कपचे उडतात

खाडीकाठ
पॅलेस्टाइनमध्ये रामल्लाच्या आसपासच्या डोंगराळ गावांत बायका चाकाशिवाय, मातीच्या वळ्या रचून पाण्याचे रांजण (झीर) घडवत आणि उघड्या जाळात शेणींवर भाजत. त्याच रीतीने रत्नागिरीजवळ दोन फुटी रांजण करतोय. माती तळीतली, चिकण, भाजल्यावर तांबडी. तिकडे पांढरा दगड कुटून मिसळतात असं वाचलं, म्हणून किनाऱ्यावरची शिंपल्यांचा चुरा असलेली वाळू पाव हिस्सा घातली. भाजल्या दिवशी रांजण खणखणीत वाजतो. चौथ्या-पाचव्या दिवशी टिकलीएवढे कपचे उडायला लागतात आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. दोन रांजणांना खांद्याखाली आडवी चीर आहे. जो टिकला त्यात पाणी म्हणावं तसं गार होत नाही.

जांभाखडक
कपच्यांचं पाप शिंपल्यांचं. जाळ ८०० अंशांच्या आसपास गेला की शिंपल्याची कळी, म्हणजे कळीचा चुना होतो. मग आपल्या दमट हवेत तो ओल पिऊन फुगतो, आणि आत जागा नसल्यामुळे वरचं खापर उडवतो.

वाचण्यात गल्लत झालीय. कुटलेला पांढरा दगड (कॅल्साइट) तिथे रांधायच्या मडक्याच्या, म्हणजे किद्र्याच्या मातीत जाई. तापल्यावर तो जवळजवळ भाजलेल्या मातीइतकाच फुगतो, म्हणून चुलीवर मडकं तडकत नाही. अट एकच, भाजणी मंद हवी, दगडाची कळी व्हायच्या आत थांबणारी. पाण्याच्या भांड्याला जुनं खापर कुटून घाला. रव्याच्या चाळणीने चाळून तीन भाग मातीला एक भाग खापर. फुटकी मंगळुरी कौलं कुटलीत तरी चालेल. वाळूच घालायची तर आधी चिमूटभर घेऊन लिंबू पिळा. फसफसली तर टाकून द्या.

मातीच्या वजनाच्या शेकडा एक मीठ घालणं हा चुन्यावरचा जुना उतारा आहे, पण इथे नको. अंगावर मिठाचा लोणा धरेल आणि पावसाळाभर रांजण चिकट राहील. शिंपले घालून वळलेले, अजून न भाजलेले रांजण वाचवायचे असतील तर पुढच्या खेपेला राखेतून काढल्यावर कोमट असतानाच पाण्यात पूर्ण बुडवा. बारीक कण आतल्या आत विरतात, तांदळाएवढे मात्र नाही विरत.

थापीगुंडा
आडवी चीर म्हणजे सांधा. खालचा थर वाळल्यावर वरची वळी बसवली असणार. ओली वळी आकसते, खालची आकसून झालेली असते, मग दोघी फारकत घेतात. वळी अंगठ्याएवढी जाड घ्या. आतून बोटाने खाली आणि बाहेरून वर असं ओढून ती मागच्या वळीत जिरवा. नुसती दाबून बसवलेली वळी हमखास सुटते. एका बैठकीत वीतभरच चढवा, नाहीतर पोट बसतं. काठावर ओलं गोणपाट टाकून ठेवा. भिंत चामड्यासारखी झाली की काठ खरवडून, त्याच मातीची पातळ राबडी लावून पुढची वळी.

वाळवण्यात घाई नको. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठाक, म्हणून हे उन्हाळी काम. आपल्याकडे डिसेंबर ते मे. दोन फुटी रांजणाला सावलीत पंधरवडा द्या आणि रोज काट्यावर तोला. सलग तीन दिवस वजन हललं नाही की तो भाजायला झाला. तरी जाळाआधी पोटात करवंटीचे निखारे टाकून तासभर शेकवा.

पेटवायचं पहाटे, मतलई वारा असताना. दुपारचा खारा वारा एका अंगाने जाळ ओढतो आणि दुसरं अंग कच्चं राहतं. शेणींवर फुटक्या खापरांचं झाकण हवंच. राख दुसऱ्या सकाळपर्यंत उकरू नका. निवताना ५७३ अंशांना मातीतली गारगोटी आकसते, त्या वेळी वारा लागला तर टणत्कार ऐकू येतो आणि तळ सुटतो.

जांभाखडक
गारव्याचं राहिलं. पाणी भिंतीतून पाझरून वाळतं तेव्हा गार होतं. जेरिकोच्या कोरड्या उन्हात ते झपाट्याने वाळतं, कोकणात मे महिन्यात हवाच पाण्याने भरलेली. रांजण उत्तम असला तरी फरक थोडाच पडेल. तिवईवर, वारा येईल अशा दारात ठेवा. साबणाने घासू नका, छिद्रं बुजतात.

खाडीकाठ
शिंपले बंद. गाझाची काळी भांडी याच जाळात होतील का?

थापीगुंडा
नाही. ती वेगळी परंपरा, पुरुषांची. पायाने फिरवायचं चाक आणि बंद भट्टी. गाझात कुंभारांच्या वस्तीचं नावच फवाखीर. भट्टी लाल झाली की शेवटी धूर करणारं जळण कोंबून सगळी तोंडं चिखलाने लिंपतात. कोंडलेला धूर मातीतल्या लोखंडाचा तांबडेपणा काढून घेतो. हात लावण्याइतकी निवायच्या आत उघडली तर काळ्यावर तांबूस डाग पडतात.

पाणवठा
जेरुसलेमची निळी-पांढरी नक्षीदार भांडी याच घराण्यातली का?

जांभाखडक
नव्हेत. ती झिलईची. जेरुसलेममधल्या डोम ऑफ द रॉक या इस्लामी वास्तूच्या फरशा दुरुस्त करायला १९१९ मध्ये तुर्कस्तानातल्या क्युताह्याकडचे आर्मेनियन कारागीर आले, त्यांची. ती दुकानात विकली जातात, म्हणून टिकली. झीर आणि पाणी वाहायची जर्रा घरात वापरायच्या वस्तू. आधी रॉकेलचे पत्र्याचे डबे आले, मग नळ, प्लास्टिक आणि फ्रीज. १९४८ च्या अरब-इस्रायल युद्धात पॅलेस्टिनींची गावं सुटली तेव्हा कित्येकांच्या मातीच्या खाणीही मागे राहिल्या. गावागणिक मातीचं प्रमाण निराळं, आणि ते आईकडून मुलीला हातानेच कळायचं. खाडीकाठ, तुमच्या तळीच्या मातीचे तळहाताएवढे तीन तुकडे करा, खापर पाव, तिसरा आणि निम्मा भाग घालून, आणि एकाच जाळात भाजा. फोटो टाका, मग रांजणाचं बोलू.