मदत हवी आहे: सहा वर्षांची मुलगी, जिम्नॅस्टिक्सला घालू की नाचाला? (नागपूर)

मनीषनगरवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न जगबुडीचा नाही, पण आमच्याकडे त्यावरून रोज रात्री जेवताना सभा भरते, म्हणून इथे विचारते.

मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. एका जागी बसणं तिला माहीत नाही. दाराच्या चौकटीला दोन्हीकडे पाय लावून वर चढते, दिवाणावरून कोलांट्या मारते, टीव्ही बघायला बसली की पाय दोन दिशांना पसरून सरळ स्प्लिट. हाताचा अंगठा मागे वाकवून मनगटाला टेकवते आणि सोसायटीतल्या पोरींना करून दाखवते. ते बघून सगळ्या काकू म्हणतात, "अगं, केवढी लवचिक आहे, हिला जिम्नॅस्टिक्सला टाक." नवऱ्याला तेच हवंय. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये दीपा कर्माकरचा व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून मारायची उडी) त्याने जागून पाहिला होता. चौथी आली, ०.१५० गुणांनी पदक हुकलं, हा आकडा त्याला लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ आहे. माझं म्हणणं, आधी पोरगी बूट तरी सुलटे घालू दे.

दुसरा पक्ष सासूबाईंचा. त्यांना नात भरतनाट्यम शिकलेली बघायची आहे. त्यांना स्वतःला शिकायचं होतं, वडिलांनी पाठवलं नाही. हे कळल्यावर मला सरळ नाही म्हणवत नाही. शिवाय शाळेच्या स्नेहसंमेलनात ही पहिल्या ओळीत होती. स्वतःचा नाच अर्ध्यात सोडून शेजारच्या मुलीचा चुकलेला हात सरळ करत उभी राहिली. लोक हसले, तिला त्याचं काही नाही.

दोन्हीकडे डेमो करून आलो. जिम्नॅस्टिक्सचा हॉल लांब आहे, वर पत्रे. गाद्या मात्र चांगल्या जाड. सर एकच आणि मुलं भरपूर, त्यामुळे उडी एक आणि रांगेत उभं राहणं दहा मिनिटं. तरी ती खूश. नाचाचा क्लास घरापासून दोन गल्ल्यांवर, ताईंच्या घरीच वरच्या मजल्यावर, टाइलच्या फरशीवर. नमस्कार झाला, मग अरमंडीत (गुडघे बाहेर उघडून अर्धं बसून) तट्टडवू, म्हणजे तालात पाय आपटायचा पहिला धडा, तासभर तेवढंच. तिथे ती जांभया देत होती. पण घरी आल्यावर आजोबांना गुडघे वाकवायला लावून तेच "तै या तै" शिकवून राहिली! आता यातून काय समजायचं?

दोन्ही क्लास जमणार नाहीत. माझं ऑफिस बर्डीवर, सहाला सुटतं. गाडी नवरा नेतो. आठवड्याचे दोन दिवस आणि रविवार, एवढंच हाताशी आहे. कोणी म्हणालं मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात चौकशी करा, पण मनीष नगरहून मानकापूर म्हणजे शहराचं दुसरं टोक. पोरगी रस्त्यातच झोपेल.

तर विचारायचं हे की, इतकी लवचिक मुलगी असेल तर जिम्नॅस्टिक्सच बरं का? त्याने उंची खुंटते म्हणतात ते खरं का? सहा म्हणजे उशीर झाला का? (एका बाईंनी "चौथ्या वर्षीच घालायचं असतं" असं तोंडावर सांगितलं.) आणि नाच घेतला तर भरतनाट्यम की कथ्थक? दिवसभर इतकी उड्या मारते की रात्री पाय दुखतात म्हणून रडते, तेल लावून द्यावं लागतं. म्हणून वाटतं, ही ऊर्जा कुठेतरी नीट वळवावी.

---

तर्रीपोहे

काहून भांडून राहिले जी घरात? मल्लखांबाला टाका. नाच पण आला, उड्या पण आल्या, आणि खर्च म्हणाल तर एक खांब आणि एरंडेल तेल. मुलींसाठी दोरीचा मल्लखांब तर फारच देखणा. माझी भाची अमरावतीला करते, दोरीवर चढून पद्मासन घालून बसते, आम्ही खालून बघून घाबरतो. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या चमूने जाऊन आपले देशी खेळ दाखवले होते. आपल्या विदर्भात हे असताना लोक दीपा दीपा करतात. (दीपाबद्दल आदर आहेच, तुमच्या मिस्टरांनी रागावू नये.)

---

गादीवरची_उडी

माझी दोन्ही मुलं जिम्नॅस्टिक्सला जातात, म्हणून जरा लांब लिहिते.

उशीर अजिबात नाही. दीपानेसुद्धा सहाव्या वर्षाच्या आसपासच सुरुवात केली होती आणि तिचे तळपाय सपाट होते. या खेळाला ते गैरसोयीचं, तरी प्रशिक्षकांनी त्यावर काम करून घेतलं. महिलांच्या वरिष्ठ आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी १९९७ पासून किमान वय १६ आहे. तेव्हा सहाव्या वर्षी घाई कोणाला आहे? घाई असते ती आई-बापांना.

उंचीचं म्हणाल तर खेळाने उंची खुंटते असं नसतं. बुटक्या बांध्याच्या मुलींना हवेत गिरक्या घेणं सोपं जातं, त्या टिकतात, आपल्याला टीव्हीवर त्याच दिसतात. फार कठोर सराव आणि वर जेवण कमी असेल तर वयात येणं लांबू शकतं, ती गोष्ट खरी. आठवड्यातून दोन-तीन दिवस जाणाऱ्या पोरीला त्याची भीती नको. वरणभात नीट खाते ना, तेवढं बघा.

आता क्लास बघताना काय बघायचं. मोठ्या मुलींना चार प्रकार असतात: व्हॉल्ट, अनईव्हन बार्स (खालीवर लावलेले दोन आडवे दांडे), बीम (तोल सांभाळायची अरुंद पट्टी) आणि फ्लोअर (जमिनीवरच्या कसरती). बीम फक्त १० सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून १२५ सेंटिमीटर उंच. हे ऐकून पोटात गोळा येतो. पण चांगल्या ठिकाणी पोरं आधी जमिनीवर आखलेल्या रेघेवरून चालतात, मग वीतभर उंचीच्या बीमवर. सगळ्यात पहिलं शिकवतात ते पडायला. हनुवटी छातीशी, हात मागे न टेकता गोल होऊन लोळायचं. डेमोत हे शिकवलं का? नसेल तर विचारा का नाही.

आणि एक गोष्ट कुठेही दिसली तर त्याच दिवशी पोरीला घेऊन घरी या: मूल स्प्लिटमध्ये बसलंय आणि मोठं माणूस खांद्यावर वजन टाकून खाली दाबतंय. मूल रडत असताना "होईल, होईल" म्हणत दाबणारे लोक मी पाहिले आहेत. मोठं नाव असलं तरी नको.

रांगेचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण रांगेत उभं असताना बाकीची मुलं काय करतात ते बघा. चांगले सर रांगेतल्या मुलांना भिंतीशी हँडस्टँड, दोरीउड्या असं काहीतरी लावून देतात. आणि पत्र्याच्या हॉलमध्ये एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी पाचला जाऊ नका. नागपूरचं ऊन तुम्हाला मी काय सांगू. उन्हाळ्यात सकाळची बॅच असते का, ते फी भरायच्या आधी विचारून घ्या.

---

घुंगरू

मी कथ्थक शिकवते, म्हणजे माझं झुकतं माप कुठे असणार ते उघड आहे. तरी तुमच्या सासूबाईंच्या बाजूने एक बोलते. जी मुलगी मंचावर स्वतःचा नाच सोडून शेजारणीचा हात सरळ करते, तिचा डोळा तयार आहे. आणि क्लासमध्ये जांभया देऊन घरी जसंच्या तसं करून दाखवणारी मुलं माझ्याकडे दरवर्षी येतात. ती कंटाळलेली दिसतात, पण सगळं टिपत असतात.

भरतनाट्यम की कथ्थक, हे सहाव्या वर्षी गुरू कोण, यावर ठरवा. भरतनाट्यममध्ये अर्धं बसून, गुडघे बाहेर उघडून काम. कथ्थकमध्ये उभं राहून तत्कार (पायांनी ताल धरणं), चक्कर. दोन्हीत पहिलं वर्ष कंटाळवाणंच असतं, त्याला इलाज नाही. माझ्याकडे लहान मुलं "ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्" हातांनी टाळी देऊन म्हणतात, बरेच दिवस पायाला घुंगरू नसतात. आयांना मात्र पहिल्या महिन्यात घुंगरू आणि ड्रेस हवा असतो, फोटोसाठी.

फरशीचा मुद्दा कोणी विचारत नाही, म्हणून सांगते. टाइलवर, खाली सिमेंट, त्यावर रोज पाय आपटायचे, हे नडगीला आणि टाचेला वाईट. लाकडी फरशी सगळ्यांना परवडत नाही, मलाही पूर्ण हॉलला परवडली नाही. पण लहान मुलांकडून पाय हळू आपटून घेता येतात. ताईंना विचारा. ज्या ताई या प्रश्नावर रागावतील त्यांच्याकडे नका जाऊ.

परीक्षांची घाई नको. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंत जातात, आणि दहावीला त्यांचे वाढीव गुणही मिळतात. त्यामुळे पालक पहिलीपासून हिशोब मांडायला लागतात. खेळालाही दहावीला वाढीव गुण आहेत, तेव्हा त्या तराजूत दोन्ही पारडी सारखीच.

---

हाडवैद्य_नाही

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरचं सगळं बरोबर, पण मूळ प्रश्नातल्या दोन वाक्यांवर कोणी थांबलं नाही. अंगठा मनगटाला टेकतो आणि रात्री पाय दुखतात.

ताई, घाबरू नका. पण ही लवचिकता कौतुकाची आहे की सांधे नेहमीपेक्षा सैल आहेत, हे आधी बघायला हवं. घरी करता येईल अशी एक साधी तपासणी आहे, तिला बायटन स्कोअर म्हणतात. अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो का. करंगळी मागे ९० अंशांच्या पुढे जाते का. कोपर सरळ केल्यावर उलट्या बाजूला १० अंशांहून जास्त वाकतं का. उभं राहिल्यावर गुडघा तसाच मागे जातो का. प्रत्येक बाजूला एक गुण, म्हणजे आठ. गुडघे न वाकवता दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकले तर आणखी एक. एकूण नऊ. वयात न आलेल्या मुलांमध्ये सहा किंवा जास्त आले तर सांधे सैल धरतात. (ओढून बघू नका, तिचं तिला करू द्या.)

सैल सांधे हा रोग नव्हे. लहान मुलांत, त्यातही मुलींमध्ये, बरंच आढळतं आणि वयाबरोबर कमी होत जातं. बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. पण अशा मुलांचे स्नायू सांधा धरून ठेवायला दिवसभर जास्त राबतात. मग रात्री पाय दुखतात, घोटा वारंवार मुरगळतो, लिहिताना बोटं लवकर थकतात. रात्री पाय दुखणं या वयात इतर मुलांनाही असतं, म्हणून निदान मी इथे करणार नाही. एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सांधा सुजत असेल, सकाळी लंगडत असेल किंवा एकच पाय दुखत असेल तर लगेच.

आता तुमचा प्रश्न. "लवचिक आहे म्हणून जिम्नॅस्टिक्स" हे कारण मला उलटं वाटतं. जे तिच्याकडे आधीच जास्त आहे ते आणखी ताणायचं कशाला? अशा मुलीला ताकद हवी आणि सांधा मधल्या जागी थांबवायची सवय हवी. ती जिम्नॅस्टिक्समध्ये मिळते: हातांवर वजन, पोटाचे स्नायू, दोरीला लटकणं. नाचातही मिळते: अरमंडीत गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून टिकणं हा उत्तम व्यायाम आहे. आणि दोन्हीकडे बिघडूही शकते. जिम्नॅस्टिक्सचे सर तिला बघून खूश होऊन पहिल्याच महिन्यात स्प्लिट आणि कमानी करून घेतील, किंवा नाचाच्या ताई गुडघे मागे ढकलून उभं राहणाऱ्या मुलीकडे लक्ष देणार नाहीत. दोघांनाही एकच प्रश्न विचारा: "हिचे सांधे सैल आहेत, तुम्ही काय वेगळं कराल?" उत्तर ऐकून तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

तासांचा साधा हिशोब: मुलाचं जितकं वय, आठवड्यात तितक्या तासांपेक्षा जास्त नेमबद्ध सराव नको. सहा वर्षं, तर सहा तास ही वरची हद्द. तुमच्या तीन दिवसांत ते आपोआप बसतं.

---

मनीषनगरवाली

सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः शेवटच्या उत्तरासाठी. काल रात्री तपासणी केली. तिला खेळच वाटला. नऊपैकी सात. मग नवऱ्याने स्वतःची केली, त्याचेही कोपर उलटे जातात. तिकडून आलंय तर!

पाय दोन्ही दुखतात, सूज नाही, सकाळी ठणठणीत असते. तरी शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

दोघांनाही प्रश्न विचारला. नाचाच्या ताई म्हणाल्या, "लवचिक आहे ते चांगलंच, काळजी करू नका." फरशीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, आम्ही पण अशाच फरशीवर शिकलो. माणूस प्रेमळ आहे, पण उत्तर मिळालं नाही. जिम्नॅस्टिक्सचे सर आधी गप्पच झाले. मग म्हणाले, डॉक्टरांचं लिहून आणा. पहिले काही महिने हिला स्प्लिट आणि मागची कमान बंद, हाताची आणि पोटाची ताकद करून घेऊ, आणि उभी राहताना गुडघे मागे जाऊ देणार नाही. ताणायच्या वेळी ती बाजूला बसून दुसऱ्यांचं मोजेल. हे ऐकून ती भलतीच खूश, कारण दुसऱ्यांचं मोजणं तिचं आवडतं काम.

सासूबाईंना वाईट वाटलं. घुंगरूताई, तुमचा सल्ला त्यांना वाचून दाखवला. त्यावर त्या म्हणाल्या, मग मीच जाते. आम्ही हसलो, त्या हसल्या नाहीत. बासष्ट वर्षांच्या, गुडघे बरे असलेल्या बाईंना कथ्थक किंवा भरतनाट्यम अगदी सुरुवातीपासून शिकवणारं दक्षिण नागपुरात कोणी असेल तर कृपया सांगा, हे मी खरंच विचारतेय.

आणि बेसा, मनीष नगर भागातून मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी कोणाचं मूल जिम्नॅस्टिक्सला जात असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. दोन मुलं झाली तर ऑटोवाले काका यायला तयार आहेत.

---

घुंगरू

सासूबाईंसाठी व्यनि केला आहे. माझ्याकडे सकाळी अकराची बायकांची बॅच आहे, सगळ्यात मोठ्या विद्यार्थिनी एकाहत्तर वर्षांच्या. येताना सुती सलवार आणि ओढणी आणायला सांगा. घुंगरू नकोत.