ट्यूबलाइट, पंखा आणि हात हलवणं: फिल्ममध्ये कसं आणू?

रानवाट: मी ऑटिस्टिक आहे. फोनवर ५ मिनिटांची फिल्म करतेय. वर्गातला पंखा, ट्यूबलाइट, बाकांची खरखर मला जशी ऐकू येते तशीच हवी. पण पंखा वाढवला की नुसता गोंगाट होतो. आणि स्टिमिंगचे (स्वतःला बरं वाटावं म्हणून पुन्हा पुन्हा केलेल्या, हात हलवण्यासारख्या हालचालींचे) शॉट ठेवू की कापू?

नादखुळा: पंखा वाढवू नका, सगळे आवाज एकाच पातळीवर आणा. त्रास आवाज मोठा असल्याचा कमी, त्यातलं काहीच मागे सरत नाही याचा जास्त. नेहमीच्या मिक्समध्ये (सगळे आवाज एकत्र जुळवताना) पंखा संवादापेक्षा १५-२० डीबी (डेसिबल) खाली ठेवतात. तुम्ही पंखा, बाक, पेनची टकटक, शिकवण्याचा आवाज, सगळ्यांची सरासरी -२४ डीबीवर आणा (० ही कमाल पातळी). ६ ट्रॅक एकत्र आले की साधारण ८ डीबी चढतात, त्यामुळे याहून बरंच वर सुरुवात केली तर आवाज फाटू शकतो. प्रत्येक आवाज वेगळा घ्या, फोन १५-२० सेंटिमीटरवर धरून. ऑटो गेन बंद करता येईल असंच अ‍ॅप वापरा. नाहीतर हळू आवाज आपोआप वर येतो, मोठा दबतो. आधी २० सेकंद नेहमीचं मिक्स ऐकवा, मग हळूहळू या सारख्या पातळीकडे सरकवा. फरक कळायला कानाला आधार लागतो.

उजेडवाला: आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर १/५० सेकंद ठेवलं तर ते लपतं. ३० फ्रेमला १/६० ठेवलं तर पट्टे सरकताना दिसतात. एडिटिंगमध्ये मात्र भकाभक उजेड-अंधार करू नका. सेकंदाला ३ पेक्षा जास्त झपके अपस्माराच्या झटक्याला कारण होऊ शकतात, आणि ऑटिस्टिक लोकांमध्ये अपस्माराचं प्रमाण जास्तच आहे. त्यापेक्षा चोकची गुणगुण रेकॉर्ड करा, तीच पुरते.

सावली_२१: स्टिमिंग मुळीच कापू नका! २ सेकंदांचा तुकडा ठेवला की ते ‘लक्षण’ दिसतं. ४० सेकंद सलग राहू दिलं की त्याची लय कळते. फ्रेममध्ये हात आणि हात ज्याला लागतोय ती वस्तू, दोन्ही हवं. खाली करुण संगीत नको. ऑटिस्टिक ब्लॉगर मेल बॅग्ज यांची २००७ची ‘इन माय लँग्वेज’ ही छोटी फिल्म बघाच. आधी शब्दच नाहीत, गुणगुणणं आणि हालचाली. मग संगणकाच्या आवाजात ‘भाषांतर’. नळाच्या धारेत बोटं फिरतात, आणि ते पाणी कशाचंही प्रतीक नाही असं त्यात स्पष्ट सांगितलंय. हा क्रम उलटा असता तर आपण हात पाहिलेच नसते, फक्त अर्थ शोधला असता. वर नादखुळांनी सांगितलेलं मिक्स करा, पण फक्त त्रासावर थांबू नका. हात हलवताना बरं वाटतं ना? मग तिथे बाकीचे सगळे ट्रॅक उतरवा आणि बोटांचाच आवाज राहू द्या.

रानवाट: हो, बरं वाटतं. तो शॉट ५२ सेकंदांचा आहे. पूर्ण ठेवते.